राखेखालचे कांदे

लढाईचे दिवस. निपाणीच्या दवाखान्यात औषधासाठी बसलो होतो. पुढच्या बाकावर तारामतीआक्का होत्या, आणि खाली त्यांच्या गल्लीचा कचरा गाडीनं शेताला नेणारा कोगनोळीचा मष्णू.

"आक्का, तुमच्या गल्लीचं खत लई भारी. पर गेल्या म्हैन्यात राखेखाली टोपलीभर कांदं निघालं."

"शेजारच्यांचं असतील. आमी जैन. आमच्या घरात कांदा शिरत न्हाय."

"त्या दिवशी मुनिमहाराज आहाराला आलते न्हवं?"

"आलते की. आमच्याकडंच."

"शेजारी न्हाय?"

"शेजारी मराठ्याचं घर. तिथं कशाला जातील?"

"मग शेजाऱ्यांनी कांदं कशापायी टाकलं?"

"तू खोकल्याचं औषध न्यायला आलाईस न्हवं? गप बस की मग."

"बसतो."

"कुजलं असतील समदं."

"न्हाय, बांधाला लावलं. वीतभर पात आलीया."

"कवळी हाय?"

"लई कवळी."

"बुधवारी मागल्या दारानं ये. पात खाली ठेव, वर मेथी घाल."

"आन् महाराज परत आलं तर?"

"तर त्या दिवशी गाडी जरा लवकर आण."