कलकत्त्यात आत्याने काय पाहिलं

कलकत्त्याचा विषय निघालाच आहे, तर आमच्या आत्याचं ऐका. फाळणीला पाच-सहा वर्षं झाली असतील. बेलवलीची आत्या उल्हासनगरच्या कँपात तांदूळ विकायला जायची. तिथल्या जेठीबाई नावाच्या सिंधी बाईशी तिची गट्टी जमली. दोघी विधवा. दोघींनी मिळून दिल्ली, आग्रा, कलकत्ता अशा सहलीला नावं घातली आणि सोबतीला मला नेलं.

सहलीचा गाईड दादरचा, सगळीकडे आम्हाला नुसता पळवायचा. कलकत्त्याला दुपारी म्युझियममधून बाहेर पडलो, तर या दोघी गायब! गाईड घाबरला, मला तर रडूच फुटलं. शोधत शोधत नदीवर आलो, तर दोघी घाटाच्या पायरीवर पाण्यात पाय सोडून बसलेल्या. समोरून शिडाच्या होड्या संथ चालल्या होत्या. जेठीबाईचं गाव सिंधूच्या काठचं, कायमचं तिकडेच राहिलेलं. ती हळू आवाजात सिंधीत काहीतरी सांगत होती, मधूनच पाण्यापलीकडे हात दाखवत होती. आत्याला सिंधीतलं ‘अदी’ म्हणजे बहीण, एवढंच कळायचं. पण ती डोळे मिटून हुंकार देत होती.

गाईड चिडून म्हणाला, “मावशी, अख्खं कलकत्ता राहिलं तुमचं! इथे बसून पाहिलंत तरी काय?”

“हिचं गाव,” आत्या डोळे न उघडताच म्हणाली. “जरा गप ऱ्हा बाबा, आत्ता कुठं हिच्या दारात पोचलोय.”