बर्फातले फोटो

फिरण्याच्या हौसेपायी मी विद्यार्थ्यांच्या सहली न्यायला लागलो. मनालीत एका सकाळी सहलीला आलेल्या, गोव्यातल्या लाटंबार्शाच्या अनघाच्या भावाचा फोन आला. "सर, बाबा गेले. घरी येईसर तिला सांगू नकात."

विमान दुसऱ्या दिवशीचं मिळालं. घरी पोचेपर्यंत सांगायचं नव्हतं, म्हणून त्या दिवशी तिला सगळ्यांबरोबर बर्फात जाऊ दिलं. निघताना "बाबांना बरं नाही" एवढंच बोललो.

तिच्या घरी पोचलो तेव्हा अंगणातली माणसं बघून ती थबकली. "सर, तुम्हाला कधी कळलं?"

"काल सकाळी."

"म्हणजे मी बर्फात खेळत होते, तेव्हा बाबा नव्हते? आणि तुम्ही माझे फोटो काढत होतात?"

ते फोटो तिनं कधीच मागितले नाहीत, आणि माझ्याच्यानं ते पुसवत नाहीत.