पॅनेलच्या दाराची तार

जबाब देणारी: कारखान्यांतून ‘मीटरवाल्या ताई’ म्हणून ओळख. वय ४९ वर्षे. धंदा: कारखान्यांत मोजमापाची यंत्रे बसवणे व त्यांचे वायरिंग करणे. राहणार: बाजारामागची दुसरी गल्ली, स्वतःच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर.

मी आज अठरा तारखेस सकाळी साडेदहा वाजता आपण होऊन ठाण्यात आले असून विचारल्यावरून समक्ष सांगते की, मी वरील ठिकाणी धाकट्या भावासोबत राहते आणि दुकान आम्ही दोघे मिळून चालवतो. यंत्र बसवणे व तारा जोडणे माझ्याकडे, बसवलेले यंत्र वेळोवेळी तपासणे भावाकडे. वडील गेले तेव्हा तो नऊ वर्षांचा होता. हे काम त्याला मी शिकवले. एकवीस वर्षांत आमच्या वायरिंगवर कोणाला बोट ठेवायला जागा मिळालेली नाही. हवालदारसाहेब म्हणाले की एवढे लिहायची गरज नाही. मी म्हटले, लिहा, पुढचे सगळे यावरच उभे आहे.

मागच्या वर्षी मार्च महिन्यात बाटलीबंद सूप बनवणाऱ्या कारखान्याने मला रेकॉर्डर बसवायला बोलावले. तिथे भरलेल्या बाटल्यांच्या ट्रॉल्या एका मोठ्या बंद टाकीत ढकलतात आणि वाफ सोडून एकशे एकवीस अंशांवर चाळीस मिनिटे ठेवतात. तसे केले नाही तर सूप आतल्या आत खराब होते आणि वरून काही कळत नाही. टाकी खरोखर तेवढी तापली की नाही, याची दर सेकंदाला नोंद ठेवणे हे रेकॉर्डरचे काम. पडद्यावर रेघ दिसते आणि तीच आतल्या कार्डावर साठते. कारखान्यातल्या कोणाला ती पुसता येत नाही.

काम मी तीन दिवसांत एकटीने केले. टाकीतल्या सेन्सरपासून पॅनेलपर्यंत, म्हणजे रेकॉर्डर बसवलेल्या पेटीपर्यंत, तीन तारांची केबल ओढली, कारण दोन तारांवर भागवले तर तारेचा स्वतःचा अडथळा तापमानात मिसळतो. ती केबल मोटारीच्या केबलपासून हातभर लांब ठेवली. केबलवरच्या जाळीला अर्थिंग एकाच टोकाला दिले. दोन्ही टोकांना देणारे शहाणे पुष्कळ आहेत आणि मग रेघ थरथरते म्हणून तेच ओरडतात. प्रत्येक तारेला नंबर घातला, प्रत्येक स्क्रू आवळल्यावर तार ओढून पाहिली. कोणीही पॅनेल उघडून पाहावे, आत तारा भांग पाडल्यासारख्या आहेत.

याशिवाय एक तार मी कोणी न सांगता जोडली. पॅनेलच्या दाराला छोटा स्विच बसवला आणि त्याची तार रेकॉर्डरच्या मोकळ्या जागेवर नेली. दार उघडले किंवा मिटले की त्याची वेळ कार्डावर पडते. पूर्वी एका कापडाच्या गिरणीत कोणीतरी माझ्या पॅनेलमध्ये हात घालून बिघाड केला आणि खापर माझ्यावर फुटले, तेव्हापासून मी कानाला खडा लावला आहे. सूपच्या कारखान्यात मी हे सांगितले होते. मॅनेजरसाहेब हसले आणि म्हणाले, तुमची हौस. वायरिंगच्या नकाशात ती तार दाखवलेली आहे. नकाशा मी सोबत आणला आहे.

या महिन्याच्या तीन तारखेला भरलेल्या बाटल्यांतले सूप नऊ तारखेला एका शाळेत दिले गेले आणि सतरा मुले दवाखान्यात गेली. मुले आता घरी परतली आहेत. कारखान्याने पोलिसांना रेघेची छापील प्रत दिली. तिच्यात तीन तारखेच्या दुपारी एकशे एकवीस अंश पुरती चाळीस मिनिटे दिसतात. म्हणून टाकी चालवणारे ऑपरेटर, ज्यांना सगळे अण्णा म्हणतात, त्यांनीच वाफ न दिलेली ट्रॉली वाफ दिलेल्यांत मिसळली, असे मॅनेजरसाहेबांचे म्हणणे आहे. अण्णा म्हणतात की त्या दुपारी बॉयलर बंद पडला होता, टाकी नव्वदीच्या वर चढेना, ते त्यांनी मॅनेजरसाहेबांना सांगितले आणि साहेबांनी त्यांना जेवायला पाठवले. परत आले तर ट्रॉली बाहेर काढलेली होती. साहेब म्हणाले, काम झाले, रेघ बघ. चौदा तारखेपासून अण्णा अटकेत आहेत.

पंधरा तारखेला सकाळी अण्णांच्या पत्नी माझ्या दुकानात आल्या. मी त्यांना वहिनी म्हणते. त्या स्टुलावर बसल्या, चहा घेतला नाही. म्हणाल्या, "ताई, एक तार सैल होती एवढंच सांगा. तुमचं काय जातंय?" मी म्हटले, "माझं सगळंच जातं, वहिनी." त्या उठून गेल्या. तार सैल असल्याचे मी म्हटले असते तर रेघ खोटी ठरून अण्णा सुटले असते, हे मला समजत होते. पण तार सैल नव्हती. दोन दिवस माझे कामात लक्ष लागले नाही.

काल सतरा तारखेला दुपारी तीन वाजता इन्स्पेक्टरसाहेबांनी मला इथे बोलावून कार्डावरची त्या दिवसाची पूर्ण नोंद दाखवली. कारखान्याने दिलेली प्रत फक्त चाळीस मिनिटांची होती. खऱ्या टाकीची रेघ कधी सरळ नसते. वाफेचा व्हॉल्व्ह उघडतो-मिटतो तसे तिला करवतीसारखे बारीक दात पडतात. ही रेघ पट्टी लावून ओढलेली होती. एक वाजून सोळा मिनिटांनी तापमान अठ्ठ्याऐंशीवरून एका सेकंदात एकशे एकवीसवर गेले होते आणि एक छप्पन्नला एका सेकंदात खाली आले होते. दाराच्या नोंदीत पॅनेल एक बाराला उघडलेले आणि एक अठ्ठावन्नला मिटलेले होते. साहेबांनी विचारले की तार सैल असली तर रेघ अशी उडी मारेल का. मी सांगितले की मारेल, पण सैल तार पॅनेलचे दार उघडत नाही.

त्या क्षणी मला अभिमान वाटला, तो मी लपवत नाही. साऱ्या कारखान्यात अण्णांच्या बाजूने बोलणारी एकच वस्तू निघाली आणि ती मी न विचारता बसवलेली होती. पण लगेच दुसरी गोष्ट लक्षात आली. इतकी सरळ रेघ यायची तर सेन्सरच्या तारा काढून तिथे तपासणीचे यंत्र जोडावे लागते. ते यंत्र रेकॉर्डरला हवे ते तापमान दाखवते. कारखान्याकडे असे यंत्र नाही. आमच्याकडे एक आहे, पिवळ्या पिशवीत, आणि ती पिशवी भावाच्या खांद्याला असते. मी साहेबांकडे प्यायला पाणी मागितले आणि बाकीचे उद्या सांगते म्हणून घरी गेले. कालच्या दिवसात मी एवढे गप्प राहिले, हेही लिहून घ्यावे.

भाऊ दुकानात एक मीटर उघडून बसला होता. मी त्याला तारीख आणि वेळ सांगितली. त्याने हातातला स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला आणि म्हणाला, "मीच होतो, ताई." मॅनेजरसाहेबांनी त्याला फोन करून बोलावले होते. दोन दिवसांनी वरचे लोक पाहणीला येणार आहेत, टाकी रिकामी आहे, रेकॉर्डर एकशे एकवीसवर चाळीस मिनिटे धरून दाखव, असे सांगितले. टाकी काचेपलीकडे बारा पावलांवर होती. तो उठून पाहायला गेला नाही. तपासणीआधी रेकॉर्डरवर ‘तपासणी’ अशी खूण टाकायची असते, म्हणजे ती रेघ पुढे कोणी खरी धरू नये. साहेब म्हणाले, खूण दिसली की वरचे लोक शंभर प्रश्न विचारतात, राहू दे. त्याने राहू दिले. अण्णांना धरल्यावर त्याला शंका आली होती, पण मी वायरिंगबद्दल किती ताठ मानेने बोलते ते तो रोज ऐकत होता आणि माझ्यासमोर तोंड उघडायचा त्याला धीर झाला नाही.

मी त्याला पुष्कळ बोलले. ते शब्द ठाण्याच्या कागदावर घालण्यासारखे नाहीत. बोलून दमल्यावर मी विचारले की आता काय करायचे. तो म्हणाला, "तू खोटं सांगू नकोस. मी येतो बरोबर." आज सकाळी मी जिना उतरले तेव्हा तो पिशवी खांद्याला लावून माझ्याआधी तयार उभा होता. मी त्याला लहानाचा मोठा केला, तारा सोलण्यापासून सगळे शिकवले, पण हे त्याचे त्याने केले. त्याच्या रागाने माझे डोके अजून तापलेले आहे आणि त्याचा अभिमानही वाटतो. दोन्ही लिहावे.

भाऊ आत्ता बाहेरच्या बाकावर बसला आहे आणि माझ्यानंतर जबाब देणार आहे. तपासणीचे यंत्र पिशवीसह तोच हजर करील. माझे वायरिंग बिनचूक असून ते कोणाकडूनही तपासून घेण्यास माझी हरकत नाही. त्या दुपारी टाकी तापली नव्हती, हे अण्णांचे म्हणणे कार्डावरून खरे दिसते. भावाकडून ‘तपासणी’ची खूण टाकायची राहून गेली, ही चूक आमच्या दुकानाची आहे.

वरील मजकूर हवालदारसाहेबांनी मला सावकाश वाचून दाखवला. शेवटच्या ओळीत त्यांनी ‘नकळत राहून गेली’ असे लिहिले होते. मी तसे म्हटले नव्हते, त्यांनी चांगुलपणाने घातले असावे. ‘नकळत’ हा शब्द माझ्या सांगण्यावरून खोडला व खोडाखोडीवर माझी सही घेतली. बाकी सर्व माझ्या सांगण्याबरहुकूम आहे. ती खूण टाकायची असते हे त्याला माहीत होते. मीच शिकवले होते.