भरल्या ताटापुढचा माणूस

नाव मीराबाई दादाराव खिल्लारे, वय ६९ वर्षे, धंदा निवृत्त चित्रकला शिक्षिका, मूळ राहणार हिंगोली, सध्या मुलगा नागसेन याच्याकडे, ईस्ट कोस्ट, सिंगापूर. दुभाषी राधिका यांच्यामार्फत विचारल्यावरून समक्ष सांगते की,

मी दोन वर्षांपासून व्हिजिट पासवर येथे राहते. आमच्या कॉन्डोच्या, म्हणजे गृहसंकुलाच्या, समितीने बार्बेक्यूच्या जागेमागची भिंत मला रंगवायला दिली. अध्यक्ष श्री. यशोधन भागवत यांनी काहीतरी क्लासिक काढा, असे सांगितले होते. मी सहाशे वर्षांपूर्वीच्या इटलीतील एका चर्चमधल्या नरकाच्या चित्रावरून चित्र काढले. त्यात खादाड माणसे भरल्या ताटापुढे बसलेली असतात आणि सैतान त्यांना घास घेऊ देत नाही. रंग ओल्या गिलाव्यावर दिल्याने तो भिंतीत मुरला आहे, पुसता येत नाही.

रविवारी दुपारी बारा वाजता समितीचे जेवण होते. श्री. भागवत साटे, म्हणजे काडीला टोचून भाजलेले मांस, खात असताना त्यांची मुलगी जाई, वय ७, भिंतीकडे बोट करून म्हणाली, "पप्पा, दॅट वन यू लाह," म्हणजे तो ताटापुढचा माणूस तुम्हीच. सर्वजण हसले. श्री. भागवत यांनी हातातली काडी खाली ठेवली व सोमवारी माझ्याविरुद्ध बदनामीची तक्रार दिली. पास जाईल, चित्रावर चुना फास, असे नागसेन म्हणाला. मी नाही म्हणाले.

आम्ही बौद्ध आहोत. आमच्यात नरक मानत नाहीत. त्यामुळे कोणालाही तेथे पाठवण्याचा माझा इरादा नव्हता.

आज ठाण्यात श्री. भागवत यांच्यासमोर मी पर्समधला फोटो टेबलावर ठेवला. टक्कल, मिशी, डाव्या गालावरचा तीळ, सर्व भिंतीवरच्या त्या माणसाशी जुळते. फोटो माझे पती दादाराव यांचा आहे. त्यांना शुगर होती. अकरा वर्षे मी त्यांच्या ताटातली जिलेबी उचलली. तीन वर्षांपूर्वी ते वारले. त्या दिवशीही त्यांनी मागितली होती. मी दिली नाही.

श्री. भागवत यांनी फोटो बराच वेळ पाहिला. मग विचारले, "आजी, त्यांचं मनगट धरलेला तो सैतान कोण?"

मी म्हणाले, "मीच."

त्यांनी तक्रार मागे घेतली आहे. माझीही त्यांच्याविरुद्ध काही तक्रार नाही.

उद्या सकाळी मी सैतानाच्या हाताएवढा गिलावा खरवडून नवा देणार आहे, मनगट मोकळे राहील. समितीची हरकत नाही.

हा मजकूर राधिका यांनी मला मराठीत वाचून दाखवला. मी बोलले तसाच आहे, म्हणून सही करते.