नुसते ओठ हलव

मंडळी, ऐका! आज सुरुवातीलाच एक प्रश्न विचारतो. उत्तर देताना शेजाऱ्याकडं बघायचं नाही. चोरी म्हणजे काय?

सोपं आहे म्हणता? नाताळच्या आदल्या दिवशी वस्तीवरची कोंबडी वाट चुकते आणि दुसऱ्याच्या पातेल्यात सापडते – ती चोरी! हसा, हसा. तिकडं खांबाजवळ दोघं जरा जास्तच हसतायत!

पण एखाद्याच्या तोंडचं गाणंच कुणी काढून घेतलं तर? पिशवीत घालून नेलं नाही, भिंत फोडली नाही, पोलीस पाटलाकडं तक्रार गेली नाही. मग ती चोरी की नाही? सांगा! थांबा, आधी गोष्ट ऐका.

अलीशिबाबाई आढाव, आपल्या शिबाकाकू, देवाघरी गेल्या त्याला आज वर्ष झालं. म्हणून आपण जमलोय. आणि हे पुढं मान खाली घालून बसलेत, ते त्यांचे यजमान, शमुवेलमास्तर. या देवळात तुम्हाआम्हाला गायला शिकवलं ते यांनी. परवा त्यांनी मला घरी बोलावलं. म्हणाले, "बुवा, तिचं चांगलं सगळे सांगतील. माझं वाईट तुम्ही सांगा."

मी म्हटलं, "मास्तर, कीर्तनात? चारचौघांत?"

म्हणाले, "मी केलं ते चारचौघांतच केलं होतं."

तर मंडळी, शिबाकाकू शेवगावकडच्या. लग्न होऊन इथं आल्या तेव्हा अंगानं काडी, पण आवाज! विहिरीवर बोलल्या तर वेशीत ऐकू यायचं. आणि गाण्याचं वेड भारी. आला पहिला नाताळ. देवळात गायनाचा सराव चालू. मास्तर पेटीवर, तरुण, केस मागं वळवलेले, ऐट काय विचारता! एका बाजूला पुरुष, दुसऱ्या बाजूला बाया. गाणं होतं मास्तरांनीच बांधलेलं – 'प्रभू, पहाट झाली, हात दे.' त्यातलं 'हात दे' खाली उतरायचं, अलगद. सगळे उतरले. शिबाकाकू मात्र वर गेल्या! एकट्या! डोळे मिटलेले, मान वर, आणि आवाज थेट कौलांना!

बायांत खसखस पिकली. पुन्हा घेतलं, पुन्हा वर. तिसऱ्यांदा मास्तरांनी पेटीचा भाता सोडला आणि सगळ्यांदेखत म्हणाले, "शिबा, तू नुसते ओठ हलव."

हसली मंडळी! अशी हसली! आणि मंडळी, सगळ्यात वाईट काय सांगू? शिबाकाकूपण हसल्या. नवी नवरी, करणार काय?

त्या दिवसापासून त्यांनी ओठ हलवले. दर रविवारी, नाताळला, ईस्टरला, लेकाच्या लग्नात. घरी रोज संध्याकाळी उपासना व्हायची, मास्तर पेटी काढायचे, तिथंही नुसते ओठ. चाळीसएक वर्षं! बाकी कशात ती बाई मागं होती? कुणाच्या घरी आजारपण आलं की भाकरीचं फडकं घेऊन आधी शिबाकाकू हजर. गावातली सावित्रा म्हातारी, आपल्या जातीची नाही, धर्माची नाही, अंथरुणाला खिळली. तिच्या पाठीच्या जखमा कुणी धुतल्या? तुम्ही धुतल्या? मी धुतल्या? शिबाकाकूंनी! प्रार्थना करायला लागली की दगडाला पाझर फुटावा. फक्त गायची नाही.

आणि मास्तर पाहुण्यांना काय सांगायचे, ठाऊक आहे? "आमच्या हिला गाण्याची आवड नाही हो!"

ऐकलंत? आधी गाणं घेतलं. वर सांगायचं, तिला नकोच होतं!

आता पुढं. लेक-सून पुण्याला कंपनीत. दोघांची कामाची पाळी वेगळी, म्हणून नात जेमिमा तान्हेपणापासून इथं आजीपाशी वाढली. शाळेच्या वयाला तिला पुण्याला नेलं. दर सुट्टीत यायची. कॉलेजात गेलेली ही पोर गेल्याच्या गेल्या साली ईस्टरसाठी आली. आवाज काय गोड! मास्तरांची छाती फुगली. म्हणाले, "माझं रक्त आहे! उभी राहा पुढं."

सराव सुरू झाला. गाणं तेच. 'प्रभू, पहाट झाली...' वा! 'हात दे' – आणि पोर गेली वर!

मास्तर थांबले. "बाळा, खाली उतरायचं." पुन्हा घेतलं. पुन्हा वर! तीन वेळा सांगितलं. मग पोरीनंच कमरेवर हात ठेवले. शहरात शिकलेली, ती कशाला ऐकते? म्हणाली, "आजोबा, तुमचंच चुकतंय. हे असंच आहे."

"गाणं मी बांधलंय! तुला कुणी शिकवलं हे?"

"आजीनं."

मास्तर हसले. "आजी कधी गाते?"

"रोज गाते की! पार मळ्यातल्या गोठ्यात, धार काढताना. दार लावून घेते आतून. मला मांडीवर घेऊन गायची. मला येतात ती सगळी गाणी तिचीच आहेत."

मंडळी, आजी तिथंच, बायांत बसलेल्या. पदर तोंडाला, चोरी सापडल्यासारख्या! चोरी कुणाची आणि मान कुणाची खाली!

दुसऱ्या दिवशी सकाळी मास्तर गोठ्यापाशी जाऊन उभे राहिले. दार लावलेलं. आत चरवीत धारांचा आवाज, आणि त्यावर गाणं. मोकळं, मोठं, वर जाणारं! मास्तर मला म्हणाले, "बुवा, मी जन्मभर सूर शिकवले. तसा हात कुणी मागितलेला मी ऐकला नव्हता. खाली उतरून मागायचा नव्हताच तो. वरच मागायचा होता."

त्यांनी दार ढकललं. शिबाकाकूंनी वळून पाहिलं. आवाज थांबला – आणि मंडळी, ओठ मात्र हलत राहिले.

 

मास्तर दारातच खाली बसले, शेणात, धोतरासकट. "शिबा, गा ना."

"नको. तुम्हाला त्रास होतो."

"मी चोर आहे, शिबा. तुझं गाणं चोरलं मी."

ती माउली काय म्हणाली? "चोरीला काही गेलं नाही हो. मी इथं आणून ठेवलं होतं."

मग आलं ईस्टर. मास्तर भरल्या देवळात उठले, हात जोडून म्हणाले, "मी माझ्या बायकोचा अपराधी आहे. आज ती गाणार." पेटी धरली. शिबाकाकू उभ्या राहिल्या, तोंड उघडलं. आवाज नाही! पुन्हा पेटी वाजली, पुन्हा तोंड उघडलं. आवाज नाही! घशाखाली इतकी वर्षं दाबलेलं, ते एका माफीनं वर येतंय होय? "राहू द्या," म्हणाल्या, आणि बसल्या. तुम्हीही होतात त्या दिवशी. सगळे फरशीकडं बघत होतात.

मग मास्तरांनी काय केलं? पेटी घरी ठेवून गोठ्यात जायला लागले. तिच्यासारखं गायला शिकायला! आणि जमेना हो! इतका मोठा गवई, पण 'हात दे' आलं की गळा आपोआप खाली. काकू ओरडायच्या, "अहो, वर घ्या, वर!" म्हैस दचकायची. मास्तर म्हणतात, खरं लग्न तेव्हाच झाल्यासारखं मला वाटलं. एक पावसाळा आणि अर्धा हिवाळा, एवढंच मिळालं त्यांना. मग तिला ताप आला, छातीत उतरला, आणि ती गेली.

दफनाच्या वेळी कबरीपाशी आपण हेच गाणं म्हटलं. सगळे 'हात दे'ला खाली उतरलो. अगदी सुरात! आणि मास्तर वर गेले. एकटे. आवाज चिरला, तरी वर. आपण वळून पाहिलं. आठवतंय? हसलं कुणी नाही, खरं आहे. पण त्यांच्याबरोबर वर गेलं का कुणी? नाही! आपला सूर सांभाळला आपण. म्हाताऱ्याला बायकोच्या कबरीवर एकट्याला गाऊ दिलं.

शरम वाटते ना? मलाही वाटते. वाटू द्या.

आता घरी जाल. घरात कुणीतरी असेल – बायको असेल, सून असेल, म्हातारा बाप असेल. पूर्वी बोलायचे, आता नुसती मान हलवतात. आपण म्हणतो, स्वभावच शांत आहे हो त्यांचा! आज जेवायच्या आधी त्यांच्याजवळ बसा. विचारा, "तुझं मी काय बंद केलं?"

लगेच उत्तर येणार नाही. म्हणतील, काही नाही, जेवा. तरी उठू नका. गार होऊ द्या जेवण.