बिनआवाजाचा सौदा

सांगतो ऐका, माझी जुनी इलेक्ट्रिक गाडी पाहायला कोण यावं? सौंदडचे धनलालमामा, ज्यांची सारी हयात बैलांच्या सौद्यात गेली!

"हिचा टॅक्स किती?" मामांनी आल्या आल्या विचारलं.

"इलेक्ट्रिकले माफ आहे, मामा."

"माफ? मंग हिच्यात काही ना काही खोड असल. चालव, पाहतो."

चिचगडच्या जंगलात एका वळणावर मी ब्रेक दाबला. समोर चितळांचा अख्खा कळप, रस्त्यावर पडलेली मोहाची फुलं खाऊन राहिला होता. गाडी एवढी जवळ आली, तरी एकानंही मान वर केली नाही. उघड्या काचेतून त्यांच्या चावण्याचा आवाज ऐकू येत होता हो!

मी हॉर्नकडे हात नेला, तर मामांनी तो धरला. वर आपला दुपट्टा टाकला आणि बैलबाजारात करतात तसा, खालून बोटं दाबून भाव सांगितला. मीही बोटं दाबूनच होकार दिला. गाडी विकली गेली आणि कळप खातच होता.

चितळं झाडीत शिरली, तेव्हा कुठं मामा हळूच बोलले, "सरकारनं टॅक्स कायले माफ केला, ते आता समजलं."