समासातली तीन वाक्यं

हॅलो?… हॅलो, कोण?… अगं चिमी, तू होय. थांब, मशीन बंद करते, काही ऐकू येत नाही… हां, बोल आता.

नाही गं, कसली जेवतेय. तोंडात टाचण्या होत्या. शाळेचे गणवेश आलेत शिवायला, चाळीस स्कर्ट, आणि शुक्रवारी हवेत म्हणे… तुझा भाऊ? तो कामावर. सहाला येईल. त्याच्याशी बोलायचंय का?… माझ्याशीच?… बरं.

आवाज असा का येतोय तुझा? सर्दी झालीय?

हं… हो, गुरुवारचा वाचनगट साडेपाचलाच. चर्चच्या मागच्या खोलीत, नेहमीसारखं. या खेपेला नम्रतेचा धडा आहे आणि वाचायची पाळी त्या निवृत्त पोस्टमनची. म्हणजे सात वाजल्याशिवाय काही आपली सुटका नाही. दर ओळीला चष्मा पुसतो तो… हसत नाहीस ती.

अगं, सुरुवातीला जडच जातं ते भक्तीचं पुस्तक. किती जुनं, आणि भाषा ही अशी. मला तर पहिला महिनाभर वाटायचं, हे मठात राहणाऱ्यांसाठी लिहिलंय, मशीनवर बसणाऱ्यांसाठी नाही. पण तू सोडू नकोस हं. तीनच आठवडे झालेत तुला. मी इतकी मागे लागून तुला गटात आणलं, आता सिस्टरांपुढे माझं नाक कापू नकोस.

प्रत?… बदलून हवी?… का, पानं सुटलीत का? आठांतल्या तीन खिळखिळ्याच झाल्यात. म्हणून तर सिस्टर महिनाअखेरीला सगळ्या गोळा करतात आणि फिरवून वाटतात, कायम एकाच्याच गळ्यात फाटकी नको म्हणून… फाटकी नाहीये? मग?

लिहिलंय त्यात? कुठे?… समासात.

…

नाही, नाही, आहे मी. बोल ना.

निळ्या पेन्सिलीनं… असेल कुणाचं तरी. आठ माणसं वापरतात ती पुस्तकं… हो. कापडावर खुणा करायला मीच वापरते निळी. हो.

आत्मपरीक्षणाच्या धड्यात… हं.

चिमी, तू वाचलंस ते?… मोठ्यानं वाचू नकोस. अगं, मला ठाऊक आहे काय आहे ते. हात जोडते, नको वाचूस. तू वाचण्यापेक्षा मी म्हणते. आईंनी हाक मारली. ऐकली. उठले नाही. एवढंच आहे ना? तीन वाक्यं… हो. माझंच अक्षर.

ऐक ना. अगं आधी ऐक… सिस्टर म्हणाल्या होत्या, कन्फेशनला जायच्या आधी मनात येईल ते लिहून काढा, मग फाडून टाका. इथे कागद सापडेना, समोर गिऱ्हाईक बसलेलं, पुस्तक मांडीवर. लिहिलं समासात. म्हटलं, नंतर खोडू. आणि गेल्या गुरुवारी सिस्टरांनी हात पुढे केला तेव्हा मी खुशाल दिली की प्रत. घरी आल्यावर आठवलं. चार दिवस झाले त्याला. वाटायचं, पोस्टमनकडे गेली असू दे, त्याला कुठे धड दिसतंय…

नाही, दुसऱ्या कुणी नाही बघितलं. माझ्याकडून सरळ तुझ्याकडेच.

आत्ताच का म्हणजे?… तुझा पहिला गुरुवार आठव. संयमाचा धडा होता. सिस्टरांनी पुस्तक मिटलं आणि म्हणाल्या, संयम बघायचा तर आपल्या या शिंपीणबाईंकडे बघा, दोन वर्षं सासूची सेवा केली, कधी तोंड वाकडं केलं नाही. सगळ्यांनी माना डोलावल्या. आणि तू टेबलाखाली माझा हात धरलास. त्यानंतर मला ते मनात ठेववेना.

हो, केलं कन्फेशन… फादरांनी दिली क्षमा. म्हणाले, ज्याचं काही हिरावून घेतलंस त्याला ते परत देता येतं का बघ. मी म्हटलं, फादर, त्या तर गेल्या… नाही. तुझं नाव नाही काढलं. लपवलंच. बरोबर बोलतेस तू. देवाला सांगणं सोपं गेलं मला. तो काही दर गुरुवारी समोरच्या खुर्चीवर येऊन बसत नाही.

…

आई गेल्या त्या दुपारी बाजारात नव्हते गेले मी. घरातच होते… हो, दीड वर्ष तेच सांगतेय सगळ्यांना. नाही, तुझ्या भावालाही ठाऊक नाही. त्यालाही बाजारच सांगितला.

कशी होते म्हणजे?… इथेच होते. याच मशीनवर. दुपारचे साडेतीन वाजले होते. कुणाचा तरी कोट चुकला होता, तो उसवून परत शिवत होते. सकाळपासून अकरा वेळा उठले होते त्यांच्यासाठी. उशी वर कर, उशी खाली कर, खिडकी लाव, खिडकी उघड. हो, मोजत होते मी. त्या दिवशी मोजत होते… नाही गं, गाऱ्हाणं नाही करत… करतेय का? असेन करत. दोन वर्षं, चिमी. तू रविवारी यायचीस, त्यांचे केस विंचरायचीस, त्या खूश. लेकीच्या हाताला काय माया आहे म्हणून आठवडाभर मला ऐकवायच्या. आणि सोमवारी चादरी कोण धुणार, तर मी…

हो. आता हे बोलायला नको होतं. चुकलंच माझं. तुझा काही दोष नाही त्यात.

मला एवढंच सांगायचंय की बाराव्यांदा माझ्याच्यानं उठवलं नाही. वाटलं, एवढी शिवण संपू दे, मग जाते… पाऊण तासानं. पाऊण तासानं गेले. तोवर सगळं आटोपलं होतं.

डॉक्टर?… डॉक्टर म्हणाले, हृदय थकलेलंच होतं, लवकर कळलं असतं तरी फार काही फरक पडला नसता. मी त्यांना परत विचारलं नाही, फार म्हणजे किती. भीती वाटली.

झोपेत… हो, मीच म्हटलं झोपेत गेल्या म्हणून. तू दारातून धापा टाकत आलीस आणि तूच विचारलंस, वहिनी, आई झोपेतच गेली ना? मी हो म्हटलं. तुझ्याकडे बघून म्हटलं… खोटं कशाला बोलू, स्वतःसाठीपण म्हटलं. तुझ्या एका प्रश्नानं मी सुटले होते.

मला माहीत आहे, त्याच्यावरच तू सावरलीस. माहीत आहे गं… म्हणून तर तुला गटात आणलं. वाटायचं, आज काहीतरी वाचू आणि मला धीर येईल. तू समोर बसशील, मी सांगेन. तीन गुरुवार गेले. मला जमलं नाही.

…

रडू नकोस ना. तिथे कुणी आहे का जवळ?… बरं, बस आधी. खाली बस.

काय?… किती वेळा म्हणजे?

एकदाच.

हो, एकदाच. हळू होती. मशीनच्या आवाजात नीटशी…

…

चिमी, थांब. एकदा नाही. चार वेळा.

चार. तिसऱ्या हाकेला मशीन थांबवलं होतं मी. चांगलं स्पष्ट ऐकू आलं. मी बसून राहिले, आणि मग परत पाय ठेवला मशीनच्या पॅडलवर… हो. कळत होतं मला. माझंच नवल वाटतं मला, पण कळत होतं.

नको विचारूस ते… नको. अगं, ते ऐकून तुला काय मिळणार आहे? एवढं पुरे कर आजच्या दिवशी… तुला पेलणार नाही. वहिनी म्हणून सांगतेय, नको…

बरं.

बरं, सांगते. पहिल्या तिन्ही वेळा 'सूनबाई' म्हणाल्या. मलाच.

चौथ्यांदा 'चिमे' म्हणाल्या. 'चिमे, ये गं.'

…

आणि मी मनात म्हटलं, लेक हवीये ना, मग लेकच येऊ दे. म्हणून उठले नाही. हे लिहिलं नव्हतं समासात. फादरांनाही नाही सांगितलं हे. तुलाच पहिल्यांदा सांगतेय.

चिमी?… आहेस ना?… काही बोलू नकोस. हवं तर शिव्या घाल. पण फोन ठेवू नकोस…

चिमी?

ठेवला.